नवे पिस्तूल रुळताना : कोणते ओरखडे स्वाभाविक, कोणत्या खुणा धोक्याच्या

नवी दिल्ली : अर्ज, पोलीस पडताळणी, परवाना आणि विक्रेत्याकडील नोंदी असे सारे सोपस्कार पार पडून नवे पिस्तूल हाती आले, की परवानाधारक ते उजेडात धरून न्याहाळतो आणि पुष्कळदा साशंक होतो. नळीत काजळीचा थर दिसतो. स्लाइडच्या आतल्या बाजूचा काळा मुलामा एखाद्या पट्ट्यात उडालेला असतो आणि खालचे पोलाद चमकत असते. मॅगझिनवर बारीक उभ्या रेषा उमटलेल्या असतात. कोणी तरी वापरलेले शस्त्र आपल्या माथी मारले गेले, ही तक्रार मग विक्रेत्यापर्यंत पोहोचते. बहुतेक वेळा ती निराधार असते. याउलट ज्या खुणेची खरोखर चिंता करावी, ती सहसा नजरेत भरत नाही. केसाएवढा तडा किंवा एकाच बाजूने दबलेली कड पहिल्या पाहणीत निसटून जाते.

काजळीचे कारण साधे आहे. कोणतेही पिस्तूल कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी झाडून पाहिले जाते. नेहमीपेक्षा अधिक दाब निर्माण करणारे काडतूस वापरून नळीची ताकद तपासली जाते आणि त्यानंतरच तिच्यावर चाचणीची मोहोर उमटते. त्यामुळे अगदी ‘कोऱ्या’ पिस्तुलानेही काही गोळ्या झाडलेल्या असतात. नळी पूर्ण स्वच्छ आणि चाचणीची मोहोर मात्र कुठेच नाही, असे शस्त्र हाती आले तर उलट तेच संशयास्पद मानावे लागेल.

भारतातील परवानाधारकासाठी हा विषय केवळ हौसेचा नाही. शस्त्र कायदा १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे बाळगता येतात. त्याआधी ही मर्यादा तीन होती. शस्त्राचा क्रमांक परवान्यावर नोंदलेला असतो, त्यामुळे मोबाइल बदलावा तसे पिस्तूल बदलून घेता येत नाही. वर्षभरात किती काडतुसे घ्यायची आणि एका वेळी किती जवळ ठेवायची, याचीही मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते. ९ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडत असल्याने सामान्य नागरिकाच्या वाट्याला बहुधा .३२ बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर येते. ही शस्त्रे बनवणारे कानपूर, ईशापूर आणि काशीपूर येथील सरकारी कारखाने १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यानंतर ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीकडे गेले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आणि .३२ बोअरचे पिस्तूल यांची काडतुसे एक नव्हेत. पिस्तुलाचे काडतूस ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग या नावानेही ओळखले जाते. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब असते आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली ठळक कड असते. नावातील साम्यामुळे खरेदीच्या वेळी गल्लत होऊ शकते. नवे पिस्तूल अडकते अशी तक्रार घेऊन जाण्यापूर्वी डब्यावरचे पूर्ण नाव वाचलेले बरे.

धातू धातूला ओळखू लागतो

पूर्वी नव्या स्कूटरच्या किंवा मोटारीच्या मागे ‘रनिंग इन’ अशी पाटी लावण्याची पद्धत होती. पहिली काही शे किलोमीटर गाडी जपून, कमी वेगाने चालवली जाई, कारण इंजिनातील एकमेकांवर घासणारे भाग अजून परस्परांशी जुळलेले नसत. पिस्तुलात घडते तेही याच जातीचे. यंत्रावर कापलेला पोलादी पृष्ठभाग बोटाला गुळगुळीत लागला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो डोंगरदऱ्यांसारखा असतो. स्लाइड मागे-पुढे सरकताना दोन पृष्ठभागांवरचे उंचवटे एकमेकांवर आपटतात, तुटतात, दबतात. पहिल्या काही डझन गोळ्यांत ही झीज वेगाने होते आणि नंतर जवळजवळ थांबते. सुरुवातीच्या साफसफाईत चिंधीवर येणारे करडे तेल आणि त्यातील अगदी बारीक चमक ही त्या तुटलेल्या उंचवट्यांची भुकटी होय. भुकटीऐवजी नखाला जाणवतील असे कण किंवा धातूचे पापुद्रे आले, तर मात्र तिथे घासणे नसून ओरबाडणे चालू आहे.

कोणत्या जागी खूण उमटावी हे पिस्तुलाच्या रचनेवर ठरते. .३२ सारख्या कमी ताकदीच्या काडतुसाच्या पिस्तुलात सहसा स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच काम भागते. गोळी सुटताना स्लाइड नळीला कुलपासारखी अडकवलेली नसते. पोलीस आणि सैन्यदलांच्या वापरातील, ईशापूरला तयार होणाऱ्या ९ मिलिमीटर ‘१ए’ पिस्तुलाची रचना वेगळी आहे. ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धाटणीच्या या पिस्तुलात गोळी सुटताना नळी आणि स्लाइड क्षणभर एकत्र मागे येतात आणि मग नळी खाली झुकून सुटी होते. त्यामुळे अशा पिस्तुलाच्या नळीच्या मागच्या माथ्यावर आणि पुढे तोंडाजवळ अर्धचंद्रासारखी चकचकीत खूण पडणारच. ती पडली नाही तरच आश्चर्य. एका पिस्तुलावरची खूण दुसऱ्या रचनेच्या पिस्तुलावर शोधण्यात मात्र अर्थ नाही, आणि इंटरनेटवरील छायाचित्रांशी तुलना करून घाबरणाऱ्यांची गफलत नेमकी इथेच होते.

स्वाभाविक खुणांची यादी यापलीकडेही आहे. स्लाइड ज्या रुळांवरून धावते त्यांच्या कडांचा मुलामा दोन्ही बाजूंना सारखा उडतो. काडतूस ज्या उतारावरून नळीत शिरते तिथे पितळेच्या पिवळसर रेषा ओढल्या जातात. फायरिंग पिनच्या छिद्राभोवती पितळी कडे दिसू लागते. मॅगझिन जिथे अडकते त्या खाचेपाशी रंग जातो. चामड्याच्या म्यानात वारंवार ठेवल्याने नळीच्या तोंडाच्या कडा पांढुरक्या होतात. नळीच्या आत तांबूस छटा दिसते ती गोळीवरील तांब्याच्या आवरणाची. यातील एकाही खुणेने नेम बिघडत नाही की आयुष्य घटत नाही. मुलामा हा गंजापासून संरक्षणासाठी असतो. तो उडालेल्या जागी तेलाचा हलका हात फिरवत राहणे एवढाच उपाय पुरेसा आहे.

धोक्याच्या खुणा ओळखण्यासाठी एक निकष उपयोगी पडतो : झीज दोन्ही बाजूंना सारखी आहे का, आणि ती थांबते का? एकाच रुळावर खोल ओरखडा, कडेचे पोलाद छत्रीसारखे बाहेर पसरणे, प्रत्येक साफसफाईला वाढत जाणारी खाच ही लक्षणे जुळणीतील किंवा धातूला दिलेल्या पाण्यातील दोष सुचवतात. झाडलेल्या पुंगळ्याही बरेच सांगून जातात. बुडाकडे फुगलेली पुंगळी, भोक पडलेली प्राइमरची टोपी, प्रत्येक वेळी कडेला पडणारा पिनचा ठसा दिसला की गोळीबार तिथेच थांबवायचा. चाप एकदा ओढून दोन गोळ्या सुटणे, सेफ्टी लावलेली असताना घोडा पडणे, स्लाइड पूर्ण बंद न होताही चाप चालणे यांना ‘नवे आहे, रुळेल’ म्हणून एकदाही माफी नाही. एखाद्या गोळीचा आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, तर पुढची गोळी झाडण्यापूर्वी पिस्तूल रिकामे करून नळीत आरपार पाहणे अनिवार्य आहे. आधीची गोळी आतच अडकलेली असू शकते आणि दुसरी तिच्यावर आदळली की नळी फुगते किंवा फाटते.

तडा तर सर्वांत फसवा. १९८०च्या दशकात अमेरिकी सैन्याने बेरेटा कंपनीचे ९ मिलिमीटर ‘एम९’ पिस्तूल स्वीकारल्यानंतर काही पिस्तुलांच्या स्लाइड मधोमध तुटल्या आणि मागचा तुकडा झाडणाऱ्याच्या चेहऱ्यावर येऊन सैनिक जखमी झाले. १९८८ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने या प्रकरणावर अहवाल दिला. धातू, काडतुसांचा दाब आणि वापराचे प्रमाण यांवर बराच वाद झाला. पुढे रचनेत बदल करून घोड्याची पिन अशी मोठी करण्यात आली, की स्लाइड तुटली तरी तिचा मागचा भाग चौकटीतच अडकून राहावा. जगभर नावाजलेल्या कारखान्याच्या मालाबाबत हे घडले होते. म्हणून स्लाइडची खिडकी, नळी अडकते त्या खाचांचे कोपरे आणि चौकटीवरील रुळांची टोके या तीन जागा प्रत्येक साफसफाईत भिंगातून पाहाव्यात. तेल पुसल्यानंतर काही वेळाने एखाद्या रेषेतून ते पुन्हा झिरपताना दिसले, तर ती रेषा ओरखड्याची नसून तड्याची असण्याचा संभव असतो.

दोनशे गोळ्यांचे गणित

पिस्तूल रुळायला किती गोळ्या लागतात, यावर उत्पादकांचे एकमत नाही. अमेरिकेतील कार या कंपनीच्या माहितीपुस्तिकेत, सुमारे २०० गोळ्या झाडल्याशिवाय पिस्तूल स्वसंरक्षणासाठी विश्वासार्ह मानू नये, असा सल्ला असतो. त्या पिस्तुलांची जुळणी मुळातच घट्ट असते. सैनिकी वापरासाठी आखलेल्या पिस्तुलांत भागांमधील फट थोडी जास्त ठेवलेली असते, त्यामुळे ती बहुधा पहिल्या डब्यापासूनच सुरळीत चालतात. तेलाबाबतही असेच मतभेद आहेत. साठवणुकीसाठी कारखान्यात फासलेले घट्ट ग्रीस पुसून काढूनच पहिली गोळी झाडावी, हा सर्वसाधारण नियम. ग्लॉक कंपनी मात्र नव्या पिस्तुलाच्या स्लाइडमध्ये तांबूस रंगाचे वंगण लावून पाठवते आणि ते पुसू नये असे बजावते, कारण रुळण्याच्या काळासाठीच ते दिलेले असते. सोबतची पुस्तिका आधी वाचणे हा सल्ला कंटाळवाणा वाटला, तरी या विषयात त्याला पर्याय नाही.

भारतीय परवानाधारकापुढील पेच इथे सुरू होतो. काडतुसे मोजकी, महाग आणि नोंदीची; झाडायची तर अधिकृत नेमबाजी केंद्र हवे, आणि ते प्रत्येक जिल्ह्यात नाही. लग्नाच्या वरातीत किंवा सणाच्या दिवशी हवेत गोळ्या झाडून ‘चाचणी’ उरकण्याची प्रथा काही राज्यांत आहे. २०१९च्या दुरुस्तीनुसार इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परिणामी अनेक पिस्तुले कपाटात आल्या दिवसापासून जशीच्या तशी पडून राहतात. जीवितास धोका असल्याचे कारण देऊन घेतलेले शस्त्र प्रसंगी चालेल की नाही, हे त्याच्या मालकालाच ठाऊक नसते. हा विरोधाभास परवाना देणाऱ्या यंत्रणेच्या नजरेतूनही सुटलेला दिसतो. शस्त्र नियम २०१६ मध्ये अर्जदारासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट आहे. पण प्रत्यक्ष विकत घेतलेल्या पिस्तुलाशी परिचय व्हावा, यासाठीची सोय अनेक ठिकाणी मालकाच्या खटपटीवरच सोडलेली आहे.

यातून व्यवहार्य मार्ग निघतो तो असा. वर्षाच्या मर्यादेतील काही काडतुसे राखून ठेवून उरलेली दोन-तीन सत्रांत केंद्रावर झाडावीत. एकाच दिवशी सारी संपवू नयेत. प्रत्येक सत्रानंतर पिस्तूल साफ करून खुणा पाहिल्या, की झीज वाढते आहे की थांबली आहे हे कळते. पिस्तुलासोबत मिळालेले प्रत्येक मॅगझिन वापरून पाहावे, कारण अडकण्याचा दोष बऱ्याचदा पिस्तुलात नसून मॅगझिनच्या ओठांत किंवा नव्या, ताठ स्प्रिंगमध्ये असतो. मनगट सैल धरल्यानेही स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी अडकते. काडतूस, मॅगझिन, पकड आणि सर्वांत शेवटी शस्त्र, या क्रमाने शोध घेतला तर निष्कारण दुरुस्ती टळते. पुण्याजवळ खडकीला १८६९ मध्ये सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्याची ‘केएफ’ ही खूण देशभरातील कितीतरी काडतुसांच्या बुडावर आढळते. बुडावरील असा शिक्का आणि डब्यावरील तुकडीचा क्रमांक टिपून ठेवल्यास एखाद्या तुकडीतील दोषही ओळखता येतो.

काडतुसांच्या टंचाईतून एक वेगळाच धोका जन्मतो आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. तेच काडतूस रोज रात्री नळीत भरायचे, सकाळी काढायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालतो. प्रत्येक वेळी उतारावर आपटून गोळी पुंगळीत किंचित आत दबत जाते. आतली जागा आक्रसली की दारू पेटताना दाब अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढू शकतो. नव्या काडतुसाशेजारी ठेवून पाहिल्यावर जे आखूड दिसेल, ते पुन्हा कधीही नळीत भरू नये. हिरवट डाग पडलेल्या पितळी पुंगळीबाबतही हेच लागू आहे. अशी काडतुसे कचऱ्यात न टाकता परवानाधारक विक्रेत्याकडे चौकशी करून रीतसर जमा करावीत.

पावसाळा, वाळवंट आणि चामड्याचे म्यान

साफसफाईची पहिली पायरी तेलाची नसून रिकामे करण्याची आहे. मॅगझिन काढणे, स्लाइड मागे ओढून नळीतील काडतूस बाहेर घेणे, डोळ्यांनी आणि करंगळीने नळीचे घर तपासणे आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवणे हा क्रम अनुभवी आर्मोररही चुकवत नाहीत. साफसफाई करताना गोळी सुटल्याच्या घटना ‘रिकामेच आहे’ या खात्रीतून घडतात. क्रम उलटला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढले, तर पुढचे काडतूस नळीत शिरून बसते.

त्यानंतरचे काम सोपे आहे. मऊ चिंधी, नळीच्या मापाचा ब्रश आणि शस्त्रांसाठीचे विरघळक यांनी काजळी काढावी. शक्य असेल तिथे ब्रश मागून पुढे न्यावा, म्हणजे तोंडाची कड घासली जात नाही. रुळांवर तेलाचा एक-एक थेंब पुरतो. नव्या पिस्तुलाला पहिल्या काही सत्रांत थोडे अधिक वंगण चालते, मात्र फायरिंग पिनच्या मार्गात तेल घालणे टाळावे. तिथले तेल काजळी धरून पिन जड करते आणि झिरपून प्राइमर निकामी करू शकते.

हवामानाप्रमाणे हे प्रमाण बदलते. कोकण, गोवा, केरळ किंवा बंगालच्या दमट पट्ट्यात मुलामा उडालेल्या जागी पावसाळ्यात काही दिवसांतच तांबूस ठिपके उमटतात. तिथे दर आठवड्याला तेलाची चिंधी फिरवणे आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे गरजेचे ठरते. राजस्थान, कच्छकडे भीती धुळीची. ओले तेल तिथे वाळू पकडते आणि रुळांवर कानशीसारखे काम करते, म्हणून पातळ थर देऊन वरचे पुसून टाकावे. कुठल्याही प्रदेशात चामड्याच्या म्यानात पिस्तूल महिनोन्‌महिने ठेवू नये. चामडे ओल धरते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला गंजवतात. हाताच्या घामाचा ठसाही गंजाला पुरतो. शस्त्र पाहुण्यांना दाखवून तसेच कपाटात ठेवणाऱ्यांच्या पिस्तुलांवर बोटांचे नकाशे कायमचे कोरलेले आढळतात.

नेमबाजांची शिस्त या बाबतीत वेगळी असते, कारण त्यांच्या पिस्तुलातून एका हंगामात काही हजार गोळ्या जातात. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात .२२ बोअरचे पिस्तूल वापरले जाते. या बोअरच्या काडतुसात पिन बुडाच्या कडेवर आदळते. त्यामुळे काडतूस नसताना चाप ओढण्याचा सराव केला, तर काही रचनांत पिन थेट नळीच्या कडेवर बसून तिथे खाच पडते; तो करायचाच असेल तर उत्पादकाची परवानगी आणि सरावाचे खोटे काडतूस हवे. नेमबाज झाडलेल्या गोळ्यांची वही ठेवतात आणि स्प्रिंग तुटण्याची वाट न पाहता ठरावीक संख्येनंतर ती बदलतात. नवी स्प्रिंग पहिल्या वापरात किंचित आखूड होते आणि मग स्थिरावते, हेही त्या वहीतच दिसते. यंत्रातला बिघाड केव्हा गाठेल याचा नेम नसतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी पात्रता फेरी चालू असतानाच मनू भाकरच्या १० मीटर एअर पिस्तुलात बिघाड झाला, मोलाची मिनिटे दुरुस्तीत गेली आणि ५७५ गुणांसह ती १२ व्या स्थानावर राहिली.

घरगुती वापराच्या पिस्तुलाला अशी वही अधिकच हवी, कारण दोन सत्रांमध्ये कित्येक महिने जातात आणि मागच्या वेळी ती रेषा होती की नव्हती हे आठवत नाही. तारीख, झाडलेल्या गोळ्या, काडतुसांची तुकडी, अडकण्याचे प्रसंग, कोणते मॅगझिन होते आणि स्लाइड, नळी, रुळ यांची त्याच कोनातून काढलेली छायाचित्रे इतका तपशील पुरतो.

ही वही उपयोगी पडते ती दुरुस्तीच्या वेळी. शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती आणि चाचणी हा परवान्याचाच व्यवसाय आहे. चाप जड लागतो म्हणून घरी त्याची कडा घासणे, स्प्रिंगचे वेढे कापणे किंवा ओळखीच्या लेथवाल्याकडून स्लाइड ‘मोकळी’ करून घेणे यांत कायद्याचा भंग तर आहेच, शिवाय चापाच्या मागील पकडीची कड किंचित जरी गोलावली तरी पिस्तूल धक्क्याने सुटू शकते. जड चाप आणि घट्ट स्लाइड ही पहिल्या शे-दीडशे गोळ्यांपर्यंत नव्या पिस्तुलाची सर्वांत सामान्य तक्रार असते आणि ती बहुधा आपोआप निवळते. त्यानंतरही टिकली, तर रिकामे केलेले पिस्तूल, मूळ परवाना, खरेदीची पावती, झाडलेल्या दोन-चार पुंगळ्या आणि ती वही घेऊन दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जावे आणि पिस्तूल ठेवून घेतल्याची, त्याच्या क्रमांकासह लेखी पोच घ्यावी.